माणशी एकवीस हजार

मी त्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा मला सासूबाईंनी पाहिलं नाही, आणि जिच्यासाठी गेलो होतो तिनेही पाहिलं नाही. मला पाहिलं ते स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या एका गोलमटोल गृहस्थाने. आणि पाहिलं म्हणजे काय पाहिलं! एका नजरेत त्याने मला धुतलं, सोललं, चिरलं, उकळत्या पाण्यात सोडलं, शिजलोय का ते चमच्याने दाबून बघितलं, आणि मग आत तोंड करून विचारलं, "हे धरून किती?"

"हे धरून अकरा," आतून कुणीतरी ओरडलं.

"मग बटाटे पुरत नाहीत!"

मी नवी कोरी पँट घालून, केस चापून चोपून बसवून मुलगी मागायला गेलो होतो, आणि त्या घराने माझी दखल घेतली ती बटाट्यांच्या टंचाईचं कारण म्हणून. गृहस्थ पिशवी घेऊन माझ्या अंगावरून जिना उतरला आणि घामाघूम होऊन परत आला. जेवायला बसलो तेव्हा माझ्या ताटात दीड बटाटा पडला. दोन नाही, एक नाही, दीड. उरलेला अर्धा शेजारच्या ताटात होता आणि सुरीची कड दोन्हीकडे जुळत होती.

हे माझे होणारे थोरले साडू. काचेच्या बाटल्या करणाऱ्या एका कारखान्यात ते कँटीन मॅनेजर होते. रात्रंदिवस पाळ्या चालायच्या आणि प्रत्येक पाळीचं पोट यांच्या जिवावर. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट त्यांना अख्खी दिसत नसे, वाटलेलीच दिसे. बागेत नेलं तर म्हणणार, "बाकडी कमी आहेत, माणशी वीतभरसुद्धा येत नाही." नाटकाला नेलं तर मध्यंतरात प्रसाधनगृहापुढची रांग माणशी किती मिनिटांची ते सांगणार. माझ्या बायकोने लग्नाआधीच त्यांचं नाव 'माणशीराव' ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि बहुतेक आवडतही होतं.

कँटीनमध्ये त्यांचा एक नियम होता. जेवणाऱ्यांची डोकी मोजताना वाढपी मोजायचे नाहीत. "वाढप्याचं उरल्यात," असं ते म्हणत. यात कंजुषी नव्हती. ते मुद्दाम शंभरामागे दहा पानं जास्त शिजवत आणि वाढप्यांना सगळ्यांत गरम, सगळ्यांत तळाचं, सगळ्यांत चविष्ट मिळे. पण मोजायचं मात्र नाही. मोजला की तो जेवणारा झाला, मग वाढणार कोण, असं त्यांचं तत्त्वज्ञान. या तत्त्वज्ञानाने पुढे काय केलं ते सांगतो. ते आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात.

सासूबाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या त्या वर्षी आमच्या धाकट्या साडूंच्या डोक्यात समुद्र शिरला. हे दाताचे डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून त्याला प्रश्न विचारायची सवय असल्यामुळे उत्तर ऐकण्याची सवय कायमची गेलेली. त्यांच्या कुणा मित्राने शिडाची नाव आठवडाभर भाड्याने घेतली होती. "अख्खी नाव आपली! वाटेल त्या बेटावर थांबा, वाटेल तेव्हा उडी मारा! आठ जण मावतात. आपण मोजून आठ!"

आणि खरंच मोजून आठ होतो. तीन बहिणी, तीन साडू, सासूबाई आणि त्यांचा मुलगा सोन्या. सोन्या त्रेचाळीस वर्षांचा होता. तो गेली काही वर्षं कुठला व्यवसाय करावा याचा अभ्यास करत होता आणि अभ्यासाने थकून बऱ्याचदा झोपलेला असे.

"आपण करूया हे," डॉक्टर म्हणाले. "माणशीराव, तुम्ही बघा हं जरा."

आमच्या घरात 'आपण करूया' याचा अर्थ हाच. कल्पना डॉक्टरांची, कौतुक सासूबाईंचं, फोटो सोन्याचे, आणि बघायचं माणशीरावांनी. आमच्या लग्नात मांडव त्यांनी बघितला, डॉक्टरांच्या दवाखान्याचं उद्घाटन त्यांनी बघितलं, आणि दोन्ही ठिकाणी त्यांची जेवायची वेळ आली तेव्हा भाड्याच्या खुर्च्या उचलून नेत होते.

यावेळी मात्र ते 'बघतो' म्हणाले त्यात काहीतरी निराळं होतं. मला ते एकदा कँटीनमध्ये गेलो तेव्हा कळलं. दुपारची गर्दी ओसरली होती. स्टीलच्या ओट्यावर वाफेचे थेंब जमले होते, कुपनांच्या खिडकीवर फळी ओढली होती, आणि माणशीराव भाताच्या पातेल्याशी उभ्याउभ्या जेवत होते. पहिला घास घेतला तेवढ्यात एक जण आला, "साहेब, उद्याचे कांदे कमी आलेत." दुसऱ्या घासाला दुसरा, "साहेब, गॅस." तिसरा घास त्यांनी ताटातच ठेवला, कारण तिसरा माणूस दारातून येताना दिसत होता.

"बसून का जेवत नाही तुम्ही?" मी विचारलं.

"बसलो की जास्त येतात." त्यांनी तोंड पुसलं. मग जरा लाजत म्हणाले, "तुम्हाला म्हणून सांगतो. त्या नावेचं मला एकच आवडलं. चारी बाजूंनी पाणी. म्हणजे चालत कुणी येऊच शकत नाही हो! एक बशी घेऊन टोकाला बसायचं आणि सगळी संपवायची. बस्स. मला बेटंबिटं काही नकोत."

सव्वीस वर्षं हजारो लोकांना जेवू घातलेल्या माणसाची हौस ही एवढी, एका बशीची.

मग त्यांनी अंदाजपत्रक करायला घेतलं, आणि आम्हाला कळलं की शिडाची नाव भाड्याने देणारी कंपनी हा दरोडेखोरांचा सुशिक्षित प्रकार आहे. भाडं ठरलं. त्यात नाव होती, पण चादरी नव्हत्या. चादरी वेगळ्या. परत आल्यावरची साफसफाई वेगळी, आणि "आम्ही स्वतः पुसून देऊ" म्हटलं तरी वेगळीच. किनाऱ्यावर जायला छोटी होडी भाड्यातच, पण तिचं इंजिन वेगळं!

"होडी भाड्यात आणि इंजिन वेगळं?" मी फोनवरच्या पोरीवर ओरडलो. "म्हणजे लग्न ठरलं, नवऱ्याचे पैसे निराळे?"

"सर, वल्ही फुकट आहेत," ती गोड आवाजात म्हणाली.

दर मुक्कामाला बंदरात नाव बांधायचे पैसे. टाकीत पाणी भरायचे पैसे. नावेला ओरखडा आला तर कापून घ्यायला अनामत, आणि अनामत कापली जाऊ नये म्हणून विमा. आमच्यापैकी कुणालाच नाव चालवता येत नव्हती, म्हणून कप्तान. त्याचा पगार वेगळा. माणशीरावांनी प्रत्येक आकड्याशी भांडण केलं. साफसफाईचे अर्धे करून घेतले, इंजिन चार दिवसांपुरतंच घेतलं, चादरी घरून न्यायच्या ठरवल्या. अखेरीस एका रविवारी सासूबाईंच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी जाहीर केलं, "सगळं धरून एक लाख अडुसष्ट हजार. माणशी एकवीस हजार."

"कप्तानाचं जेवण?" ताईंनी, म्हणजे त्यांच्याच बायकोने, विचारलं.

"त्याचं उरल्यात."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आगाऊ भरायचे छप्पन्न हजार माणशीरावांनी स्वतःच्या खिशातून भरले, कारण "देऊ हो नंतर, पळून जातोय का?" असं सगळ्यांनीच म्हटलं. त्यांतल्या त्यात सोन्या एकटा काहीच म्हणाला नाही.

निघायला महिना उरला असताना पुन्हा आम्ही त्याच टेबलाभोवती बसलो होतो. तेवढ्यात कप्तानाचा फोन आला. माणशीरावांनी सगळ्यांना ऐकू जावा म्हणून तो मोठ्याने लावून टेबलाच्या मधोमध ठेवला.

"नमस्कार साहेब. सामान किती आणायचं म्हणून विचारतोय. माझी केबिन पुढची की मागची?"

"तुमची...?" माणशीराव म्हणाले.

"हो. झोपायची."

डॉक्टरांनीसुद्धा तोंड मिटलं.

"तुम्ही किती जण आहात साहेब?"

"आठ."

"मग मी नववा. नाव आठांची आहे. कप्तान धरून."

"कप्तान धरून?"

"साहेब, मी काही नाव किनाऱ्यावरून चालवत नाही."

माणशीरावांचा चेहरा पडला. आयुष्यभर ज्याला कधी मोजलं नव्हतं तो वाढपी येऊन पलंग मागत होता! अन्न उरतं हो, पलंग उरत नाही.

"अहो, तो जेवणाच्या टेबलावर झोपेल," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, झोपेन मी टेबलाखालीसुद्धा. पण नावेचा परवाना आठ जिवांचा आहे. नववा जीव चढला तर बंदरातून सोडत नाहीत."

फोन बंद झाला. मोठी नाव मिळेल का ते लगेच विचारून झालं. मिळत होती, दुप्पट भाड्याने. म्हणजे एकाने गळायचं हे ठरलं. कुणी, एवढंच ठरायचं होतं.

त्यानंतर जे झालं ते मी याच डोळ्यांनी पाहिलं म्हणून विश्वास ठेवतो. सात जणांची नजर हळूहळू फिरत फिरत एका माणसावर जाऊन थांबली. ज्याने पैसे भरले, ज्याने चादरींवरून भांडण केलं, त्याच्यावर.

"नाही म्हणजे," डॉक्टरांनी घसा साफ केला, "चूक तुमचीच ना माणशीराव. आणि तुम्ही एवढं सगळं ठरवलंत, नकाशे बघितलेत. तुमचं अर्धं फिरून झाल्यासारखंच आहे की!"

अर्धं फिरून झालं! उद्या याच न्यायाने दवाखान्याच्या दारातूनच फोन करून सांगेन, डॉक्टर, तुमची पाटी वाचली, माझी अर्धी दाढ भरली, अर्धेच पैसे घ्या.

"आणि तुम्हाला बोट लागेल हो," सासूबाई मायेने म्हणाल्या. "तुमची प्रकृती तशी जडच."

"आई, यांना घरच्या टाकीतलं पाणी सोडून दुसरं पाणी माहीत नाही, बोट लागते हे तुला कळलं कुठून?" ताई उसळल्या. "आणि सोन्याने पैसे दिलेत का? एक दमडी तरी?"

"तो एकटा आहे गं बिचारा."

"मग एकटाच राहू दे की घरी! सवय आहे त्याला."

"मला काय हौस नाही पाण्याची," सोन्या म्हणाला, आणि बशीतली शेवटची बिस्किटं घेऊन आतल्या खोलीत गेला.

आम्हा सगळ्यांना वाटलं होतं की आता माणशीराव नेहमीसारखे हसतील, हात झटकतील आणि म्हणतील, "जा हो तुम्ही, मला कँटीनमध्ये कामं आहेत." लग्नापासून ते हेच म्हणत आले होते. त्यांच्या ओठांवर ते आलंही असावं. पण ते उठले, खुर्ची आत सरकवली, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाले,

"मी जाणार."

"अहो, पण..."

"माझी चूक आहे. चूक म्हणून मी सगळ्यांची माफी मागतो. पण मी जाणार. तुमच्या कुणाच्याही कार्यात मी बसून जेवलो असेन तर सांगा. कुणीतरी एक प्रसंग सांगा. मग नाही जात."

कुणी प्रसंग सांगितला नाही. सांगायला नव्हताच. मी मनातल्या मनात आरोळी ठोकली. तोंडाने नाही ठोकली, कारण बायको शेजारी होती आणि समोर तिची आई.

असा सोन्या गळला आणि आम्ही सात उरलो. सुटलो असं वाटलं. पण नावेचं भाडं काही माणसं बघून कमी होत नाही. कप्तानाचा पगारही होत नाही. माणशीरावांनी इमानाने नवा आकडा सांगितला: माणशी चोवीस हजार.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा निरोप आला. माझं बाळ घरी आणि मी समुद्रात, असं व्हायचं नाही. जिच्या पंचाहत्तरीसाठी नाव ठरवली तीच उतरली! सहा उरले. माणशी अठ्ठावीस हजार.

अठ्ठावीस ऐकल्यावर डॉक्टरांचा फोन आला. "बजेटच्या बाहेर जातंय हो माणशीराव. एकवीसला हो म्हटलं होतं आम्ही." एका दाढेला हा गृहस्थ जे मोजून घेतो त्यात सात हजारांचा फरक कधीच बुडून जातो! पण त्यांचं म्हणणं, प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. ज्याला पैसे द्यायचे नसतात त्याला तत्त्व कसं वेळेवर आठवतं, यावर खरं तर संशोधन व्हायला हवं. ते आणि त्यांची बायको गळाली. चार उरले. माणशी बेचाळीस हजार.

आता उरलो आम्ही दोघं आणि ते दोघं. आमचं म्हणाल तर आमची गोष्ट निराळी होती. आमच्याकडे न्हाणीघराची फरशी उखडून ठेवलेली होती आणि गवंडी हिशोबाला बसला होता. शिवाय बायको म्हणाली, "आई नाही, धाकटी नाही, मी तिथे जाऊन काय मासे मोजू?" तिच्यापुढे माझं चालत नाही हे माणशीरावांना ठाऊक होतं. मी फोन केला तेव्हा त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "असू द्या, असू द्या. फरशी महत्त्वाची," म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

दोघं उरले. माणशी चौऱ्याऐंशी हजार.

ताईंनी मला बोलावून घेतलं. "तुम्ही सांगा हो यांना. होती नव्हती ती पुंजी पाण्यात घालायला निघालेत. मी म्हटलं, मी नाही येत. तर हा माणूस म्हणतो, मग माणशी एक लाख अडुसष्ट हजार!"

माणशीराव खिडकीपाशी बसले होते. विनोद करत नव्हते. खरोखरच भागाकार करून बघत होते, आणि भागायला आता एकच उरला होता.

"माणशीराव," मी म्हटलं, "सोडा आता."

"हो," ते म्हणाले. "एवढे नाहीत माझ्याकडे."

मग मीच पदराला खार लावून आगाऊ रकमेसाठी कंपनीत जाऊन बसलो. पदराला खार म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा. काचेचं टेबल, त्यावर छोटं पितळी सुकाणू, मागे निळ्या पाण्याचा भिंतभर फोटो, आणि त्या फोटोपुढे बसलेली ती वल्ही फुकट देणारी मुलगी. मी तिला सगळं सांगितलं. आठ, सात, सहा, चार, दोन, एक. ती सहानुभूतीने मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "सर, रद्द केल्यावर आगाऊ रक्कम परत मिळत नाही."

"एका माणसाला कँटीनमधून बाहेर काढायचे छप्पन्न हजार होतात का?" मी टेबलावर हात आपटला. पितळी सुकाणू गरकन फिरलं. "नाव तुमच्याकडेच. आठवडा तुमच्याकडेच, तो उद्या दुसऱ्याला विकाल. चादरीसुद्धा आम्ही घेतल्या नाहीत! मग हे पैसे कसले?"

तिने आत जाऊन कुणाला तरी विचारलं. परत आली आणि म्हणाली की कंपनी सद्भावना म्हणून एका व्यक्तीला दोन तासांची फेरी देऊ शकेल, बंदराच्या तोंडापर्यंत.

छप्पन्न हजारांत दोन तास! मी नको म्हणणार होतो. इतकं काही बोलणार होतो की ती भिंतीवरची निळाई काळी पडली असती. पण आधी माणशीरावांना विचारावं म्हणून फोन केला.

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता आणि कुणीतरी "साहेब, साहेब" करत होतं.

"बसून खाता येईल का विचारा," माणशीराव म्हणाले.

मी विचारलं. हो म्हणाली.

पुढच्या शनिवारी ते डबा घेऊन गेले. ताईंनी बटाट्याची भाजी दिली होती. मी त्यांना बंदरापर्यंत सोडायला गेलो. नावेवर होता तो फोनवरचाच कप्तान. चांगला माणूस निघाला, हात देऊन त्यांना चढवून घेतलं. मी धक्क्यावर उभा राहून डॉक्टरांना, सोन्याला, त्या मुलीला आणि भागाकार शोधून काढणाऱ्या माणसाला मनसोक्त शिव्या दिल्या.

त्या दिवशी वारा पडलेला होता. शीड उघडलंच नाही. दोन्ही तास नाव इंजिनावर चालली, आणि माणशीराव टोकाला बसून सगळा डबा संपवून आले.